घरी जाणाऱ्या पुड्या

माझ्या मामासारखा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल. गिऱ्हाईक दारात उभं आहे, पाकीट उघडलेलं आहे, कॉफीचा वास एवढा सुटलाय की रस्त्यापलीकडचा सायकलवाला हातातलं चाक सोडून मान वर करतो, आणि हा गृहस्थ म्हणतो, "आज नाही मिळणार. शुक्रवारी या."

"अहो, पण समोर तर पिंप भरलंय!"

"भरलंय ना. आज सकाळी भाजलीय. म्हणून तर शुक्रवारी या."

मग गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी काउंटरला, दळायच्या यंत्रापाशी. मी काय बोलणार? गेली अकरा वर्षं मी हेच बघतेय. पहिल्या वर्षी मला वाटायचं, हा माणूस धंदा करायला बसलाय की धंदा घालवायला? तसं मी तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. राग माझ्या नाकावरच असतो, म्हणून मामा मला ठिणगी म्हणतो. वय तेहतीस झालं तरी ठिणगीच.

पण मामाचं बरोबर होतं. ताजं ते चांगलं हे दुधाला खरं, पावाला खरं, कॉफीला मात्र अर्धंच खरं. भाजल्यावर दाण्याच्या पोटात वायू कोंडलेला असतो, तो तीन-चार दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. तेवढ्यात कॉफी केलीत तर नुसता फेस होतो, पाणी दाण्यात धड शिरत नाही आणि जिभेला काहीतरी टोचल्यासारखं होतं. पाचव्या दिवसापासून चव मोकळी व्हायला लागते. आठ, नऊ, दहा, हे तिचे खरे दिवस. पंधराव्यानंतर उतरण सुरू. तीन आठवडे झाले की वास उडतो, दाण्यातलं तेल जुनं होतं, आणि दोन महिन्यांनी तीच कॉफी प्यायलात तर भिजलेला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटेल. हे सगळं अख्ख्या दाण्याचं झालं. दळून ठेवली तर काही विचारूच नका, दोन-चार दिवसांत खेळ खलास.

म्हणून आमच्या दुकानात भिंतीला तीन लांब खण आहेत. वरचा खण बाळंतिणींचा. नुकत्या भाजलेल्या पुड्या तिथे ठेवायच्या, त्यांना चार दिवस कुणी हात लावायचा नाही. मधला खण कमावत्यांचा, विक्री सगळी तिथून. खालचा खण पेन्शनरांचा. एकवीस दिवस उलटलेल्या पुड्या तिथे उतरायच्या, आणि त्या विकायच्या नाहीत म्हणजे नाहीत. प्रत्येक पुडीवर भाजणीची तारीख लिहायची, सुताराच्या जाड पेन्सिलीने. अकरा वर्षं त्या तारखा मी लिहितेय.

आता मामाचं थोडं सांगते, म्हणजे माणूस कळेल. एकोणिसाव्या वर्षी तो कॉफीच्या गोदामात लागला. लांब टेबलावर हिरवे कच्चे दाणे पसरायचे आणि किडके, फुटके, काळे वेचून काढायचे. दिवसाचे आठ तास, अशी सहा वर्षं. अजूनही जमिनीवर एक दाणा पडलेला दिसला तर तो वाकून उचलतो आणि खिशात टाकतो. मामी कपडे धुताना त्याच्या खिशातून मूठभर दाणे काढते. सहा वर्षांनी त्याने कुणाचातरी जुना भाजायचा ढोल घेतला, ही जागा भाड्याने घेतली आणि दुकान उघडलं.

आणि उघडल्या दिवशी तोंडावर आपटला. सकाळी भाजली, दुपारी सगळ्या गल्लीला गरम गरम विकली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दुसऱ्या दिवशी समोरची बेकरीवाली पुडी घेऊन परत आली. म्हणाली, "बाबा रे, तुझी कॉफी भांड्याबाहेर येते आणि घशाखाली जात नाही. हे साबणाचं दुकान काढलंयस का?" मामाला काही कळेना. भाजणी तर बरोबर होती, रंग बरोबर होता. पुढचे दहा दिवस तो रोज आच कमी-जास्त करत बसला. मग एके दिवशी ढोलामागे पडून राहिलेली एक पुडी सापडली, पहिल्याच भाजणीतली. फेकायच्या आधी बघू म्हणून त्याने ती करून प्यायली. "काय सांगू तुला," तो म्हणतो, "पोत्यावर बसलो तो तासभर उठलोच नाही. तीच कॉफी गं! फक्त तिला कुणी त्रास दिला नव्हता." त्या दिवसापासून पेन्सिल आली, खण आले, आणि "शुक्रवारी या" आलं.

दोन वर्षांनी मामाचं लग्न झालं. मामी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. शांत बाई. रेघ अशी ओढायची की पट्टीने लाजावं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी मामा तिला कौतुकाने दुकान दाखवायला घेऊन आला. भाजणी रंगात आलेली, दाणे तडतडताहेत, फोलपटं उडताहेत, धूर कोंडलाय. मामीला खोकल्याची अशी उबळ आली की तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे न्यावं लागलं. डॉक्टरने सांगितलं, या धुरापासून लांब राहा. ती राहिली. तिची नोकरी सोमवार ते शनिवार, दहा ते सहा, गावाच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी आमचं दुकान बंद. अशी चौतीस वर्षं गेली आणि मामीने दुकानाचा उंबरा काही पुन्हा ओलांडला नाही. त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही.

वावगं वाटायचं ते एकाच गोष्टीचं, आणि त्याचीही आम्ही थट्टाच करायचो. मामीच्या हाताला कॉफी नव्हती. बाकी सगळं फर्स्ट क्लास, पण कॉफी म्हणजे शिक्षा. माझे बाबा म्हणायचे, "कॉफीवाल्याच्या घरी जायचं तर चहा मागावा." सगळे हसायचे, मामीही हसायची आणि चहाचं आधण ठेवायची. मामाला विचारून उपयोग नव्हता, कारण तो घरी कॉफीला शिवायचाच नाही. दिवसभर दुकानात पंचवीस वेळा चाखून झालेली असायची. घरी आला की त्याला लागायचं कोमट पाणी आणि खुर्ची.

तर असा हा मामा बासष्ट वर्षांचा झाला आणि त्याचा उजवा खांदा गेला. छत्तीस वर्षं पोती उचलली, गरम दाणे फावड्याने खालीवर केले, कधीतरी जाणारच होता. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. आणि नेमकं त्याच आठवड्यात शेजारचा औषधवाला आला. त्याला दुकान वाढवायचं होतं, मधली भिंत पाडून आमची जागा हवी होती. माणूस वाईट नाही, हळू बोलतो. "घाई नाही, महिनाअखेर सांगा," म्हणाला.

मी मामाला सांगितलं, "भाजणी मी करते. मला येते. तू खुर्चीत बसून नुसतं नाक लाव." मामा म्हणाला, "मला चालेल. पण तुझ्या मामीला विचारू." मामी आदल्या वर्षी निवृत्त झाली होती आणि घरातलं मोठं काही तिच्या होकाराशिवाय होत नसे.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मामा खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. मी विषय काढला. मामीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देऊन टाका जागा."

"आणि मी काय करू?"

"तू हुशार आहेस, कुठेही चांगलं काम करशील. त्या धुरात आयुष्य कशाला काढायचं? यांचा खांदा गेला. उद्या तुझा जाईल. आणि कशासाठी गं? आहे काय त्यात एवढं? शेवटी पाणी काळं करायचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाणी काळं करायचं! ज्या दुकानात मी माझी अकरा वर्षं घातली, ज्याने माझं घर चाललं, ज्याच्यापलीकडे मला दुसरं काही नीट येत नाही आणि करायचंही नाही, त्याला ही बाई पाणी काळं करायचं म्हणते! मी काहीतरी बोलणार होते, आणि ते चांगलं नसतं. पण तेवढ्यात माझं लक्ष मामाकडे गेलं. तो पिशवीचं बूच उगाच घट्ट करत बसला होता. मान वर केली नाही त्याने.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो स्वतःहून बोलला. "तिचं बरोबर असेल, ठिणगी. ती उगाच बोलत नाही."

"काय बरोबर असेल? सगळी गल्ली तुझी कॉफी पिते. तो चष्मेवाला गाव सोडून गेला तरी दर पंधरा दिवसांनी एवढ्या लांबून येतो."

"लोकांना सवय असते. सवयीने माणूस काहीही चांगलं म्हणतो." मग म्हणाला, "चौतीस वर्षांत ती एकदाही माझ्या कॉफीला छान म्हणाली नाही. रोज पिते, पण कधी एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही म्हण. ती खोटं बोलत नाही ना."

मला गलबलून आलं. गल्लीभर ज्याचं नाव, तो आपल्याच बायकोच्या एका शब्दाला घाबरून राहिलेला. आणि मामीचा मला इतका राग आला की म्हटलं, आता हिच्याशी भांडायचंच.

शुक्रवारी दुपारी मामा खांदा शेकायला दवाखान्यात गेला, तशी मी दुकानाला कुलूप घातलं आणि थेट घर गाठलं. मामी पुस्तक वाचत होती. माझं तोंड बघून तिने ओळखलं. म्हणाली, "भांडायला आलीस ना? बस. कॉफी करते, मग भांड." मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिने फडताळातून डबा काढला, झाकण उघडलं आणि कपाला दोन दोन चमचे साखर आधीच घालून ठेवली.

"एवढी साखर?" मी म्हटलं.

"मग जाईल कशी?" ती म्हणाली.

मी तिच्या हातातून डबा घेतला आणि नाक घातलं. वासच नव्हता. म्हणजे खरंच, काही नाही. बोटाने चव बघितली. धूळ आणि कडवटपणा. डब्याच्या मागे तीन पुड्या रबराने बांधून ठेवलेल्या होत्या. मी त्या उचलल्या. वर जाड पेन्सिलीने तारीख होती, अडीच महिन्यांपूर्वीची. दुसरीवर त्याच्याही आधीची. अक्षर माझं.

पेन्शनरांचा खण! दर महिन्याला खालचा खण भरला की मामा म्हणायचा, "या घरी जाऊ देत." बाहेर विकल्या तर दुकानाचं नाव जाईल, आणि फेकायच्या तर ज्याने सहा वर्षं एकेक दाणा वेचला त्याच्याने फेकवत नाही. म्हणून घरी. आणि मामीकडे दळायला काही नाही, म्हणून मी त्या सगळ्या पुड्या एकदम दळून, पुन्हा बांधून, पिशवीत भरून द्यायचे. महिन्याभराचं दळण एका दिवशी! गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर मी त्याला अर्धा तास भाषण दिलं असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अकरा वर्षं मी ती पिशवी माझ्या हातांनी भरली आणि एकदाही माझ्या टाळक्यात आलं नाही की ही कुणीतरी पिणार आहे.

"मामी," मी म्हटलं, "तू दुकानातली कॉफी कधी प्यायलीस?"

"ही कुठली मग? दुकानातलीच ना?"

"आणि तुला ती कशी लागते? खरं सांग."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. मला ती कधीच आवडली नाही. सुरुवातीला वाटायचं, आपल्यालाच करता येत नाही. तुम्ही सगळे म्हणायचातही. मी पाणी कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं, दूध आटवून बघितलं. मग वाटलं, नाही, यांचीच कॉफी बेताची आहे आणि लोक बिचारे भिडेखातर घेतात. आता हे दिवसभर राबून येतात, त्यांना काय सांगायचं? छान म्हणवत नव्हतं, वाईट म्हणायचं नव्हतं. म्हणून काहीच बोलले नाही. पण आता खांदा मोडेपर्यंत त्यात राबायचं आणि वर तुझंही आयुष्य घालायचं, हे मला नाही बघवत."

मी भांडायला आले होते हो. मी एवढंच म्हटलं, "उद्या शनिवार. भाजणी नसते, धूर नसतो. औषधवाल्याला द्यायच्या आधी एकदा दुकान बघून तरी जा."

"त्यात काय बघायचंय?"

"माझ्यासाठी ये."

शनिवारी ती आली. दारातच थबकली, सवयीने रुमाल नाकाशी गेला. मग हळूच काढला. मामा मागच्या बाजूला पोत्यांची तोंडं शिवत होता, त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तिला बाकावर बसवलं. मधल्या खणातली आदल्या गुरुवारची पुडी काढली, नऊ दिवसांची. तिच्यासमोर मोजून दाणे घातले, दळले, आणि मामा चव बघायला वापरतो त्या छोट्या शेगडीवर कॉफी केली. काळीच. साखरेचा दाणा नाही.

मामीने कप हातात घेतला आणि प्यायच्या आधीच थांबली. वास घेतला. मग एक घोट. तिने माझ्याकडे पाहिलं.

"साखर घातलीस?"

"नाही."

"गोड कशी लागतेय मग?"

"अशीच असते ती."

तिने दुसरा घोट घेतला. मग सावकाश, कप रिकामा होईपर्यंत पीत राहिली. मामा सुई-दोरा घेऊन बाहेर आला आणि तिला बाकावर पाहून जागच्या जागी उभा राहिला.

"अगं, तू? इथे? खोकला येईल ना."

मामीने विचारलं, "ही तुमची कॉफी?"

"हो. गुरुवारची." मामाने खणाकडे पाहिलं. "आज नववा दिवस."

"रोज अशी असते?"

"सातव्यापासून चौदाव्यापर्यंत असते. का गं? बिघडलीय?" खरंच घाबरून विचारलं त्याने.

"मग घरी येते ती कुठली?"

मामाची नजर खालच्या खणाकडे गेली. मला वाटतं, त्याच क्षणी त्याला कळलं. छत्तीस वर्षं सगळ्या जगाला दिवस मोजून देणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तो हळूच म्हणाला, "उरलेल्या पुड्या. टाकवत नव्हत्या गं. बाहेर दिल्या असत्या तर दुकानाचं नाव गेलं असतं."

"बाहेर नाव जाईल म्हणून घरी," मामी म्हणाली.

आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. मी मध्ये बोलले, "दळून मीच देत होते, मामी. मला मार, पण त्याला नको." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चौतीस वर्षं," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला जमत नाही, म्हणून मी तुम्हाला कधी बोलले नाही. आणि तुम्ही सगळे मला सांगत राहिलात की मला जमत नाही."

मामा खाली बसला, जमिनीवरच, पोत्याला टेकून. सुई हातातच होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला त्याचा उजवा हात वर जाईना. तेव्हा मामी उठली, मगाचचा तो रुमाल त्याच्या डाव्या हातात दिला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली. बाहेर कुणी गिऱ्हाईक येऊन डोकावलं आणि निघून गेलं.

शेवटी मामी म्हणाली, "औषधवाल्याला नाही म्हणून सांगा. खांदा तुमचा दुखतोय, हिचा ठणठणीत आहे. दोन वर्षांत दुसरा माणूस ठेवा आणि धूर बाहेर जायला धड नळकांडं बसवा. एवढं जे करता येतं ते बंद करायचं नसतं." पिशवी उचलली आणि गेली.

मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं आणि मामाकडे बघून रडावंसं. तो म्हणाला, "छान म्हणाली नाही ती."

"मामा, कप चाटूनपुसून रिकामा केलाय!"

"तरी म्हणाली नाही." उठून त्याने खालच्या खणातल्या सगळ्या पुड्या काढल्या, अकरा होत्या, आणि स्वतः नेऊन नगरपालिकेच्या कचरापेटीत टाकून आला. त्याला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून तो दर आठवड्याला कमावत्यांच्या खणातली एक लहान पुडी घरी न्यायला लागला. हाताने फिरवायचं दळायचं यंत्रही नेलं. मामीने पुडी कधी उघडली नाही. ओट्यावर ठेवायची, बस. भांडली नाही, रुसली नाही, जेवणखाण बोलणंचालणं सगळं पहिल्यासारखं. फक्त कॉफी करेना. चहा करायची. भाजणीला चौदा दिवस उलटले की ती पुडी परत दुकानात यायची आणि मामा निमूटपणे टाकून द्यायचा. औषधवाल्याने दुसरीकडे जागा बघितली, महिना संपला, भाजणी माझ्या हातात आली, पहिली दोन पिंपं मी जरा जास्तच काळी केली, पण ते असो. मामा खुर्चीत बसून नाक लावायचा आणि घड्याळाकडे बघायचा. घरी जायची वेळ झाली की त्याचं तोंड उतरायचं.

एक दिवस मीच भडकले. "अरे, पुडी नेऊन ठेवतोस आणि ती करेल म्हणून वाट बघतोस? चौतीस वर्षं तिनेच केली ना? तुला हात नाहीत?"

"एक आहे," तो म्हणाला, आणि मग विचारात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला तेव्हा शर्टाच्या पुढच्या बाजूला कॉफीचा हा एवढा डाग, बोटाला भाजल्याचं मलम. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "केली मी. डाव्या हाताने. ती उठायच्या आधी. सगळा ओटा भरवला, एक कप फोडला. दहाव्या दिवसाची होती."

"मग? प्यायली?"

"टेबलाशी बसली. घेतला कप. दोन घोट घेतले." त्याचे डोळे भरले होते, पण तोंडभर हसत होता, इतका की मला कळेना रडतोय का हसतोय. "म्हणाली, पाणी जास्त झालंय. उद्या नीट मोजा."

त्या दिवशी त्याने आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. चष्मेवाल्याला, बेकरीवालीला, अगदी औषधवाल्यालासुद्धा दारात अडवून सांगितलं, की आमच्या हिला माझी कॉफी पातळ लागली, तिने स्वतः सांगितलं.